पॅरालीगलचे काम आपल्यासाठी आहे का? ठरवण्यापूर्वी करून पाहण्याच्या गोष्टी

कायद्याची आवड आहे, वकील व्हायचे की नाही हे अजून ठरलेले नाही, घरी लवकर कमावते होण्याची गरज आहे आणि कोणीतरी सांगितले आहे की 'पॅरालीगल' म्हणून काम मिळते. अशा अवस्थेतली अनेक मुले-मुली माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. जिल्हा न्यायालयात वकिलांच्या कार्यालयात मी सोळा वर्षे काम केले असून नंतर विधी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणातही सहभाग घेतला आहे, त्यामुळे या कामाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो की कायदा आवडतो का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. दुसऱ्याच्या घराचे, जमिनीचे किंवा सुटकेचे कागद आपल्या हाती आहेत आणि त्यांवर आपले नाव कुठेही येणार नाही, हे ठाऊक असताना तेच काम रोज तितक्याच काळजीने करता येईल का, हे आधी पाहावे. त्याचे उत्तर घरी बसून विचार करून मिळत नाही, पण काही महिन्यांत, फारसा खर्च न करता, प्रत्यक्ष करून पाहता येते. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी: शब्दाखालचे काम ओळखा

महाराष्ट्रात 'पॅरालीगल' या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळी कामे येतात, आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो.

पहिले आणि सर्वांत जुने काम म्हणजे वकिलांचा कारकून. दिवाणी दावा दाखल करताना वाद-पत्रासोबत वकीलपत्र, कागदांची याद, प्रतिज्ञापत्र आणि कोर्ट फी बरोबर आहे ना ते पाहणे, ई-फायलिंगसाठी पाने नीट स्कॅन करून क्रमाने लावणे, न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेले आक्षेप दूर करणे, समन्स निघाले की नाही आणि ते बजावणाऱ्या बेलिफाकडे गेले की नाही याचा पाठपुरावा करणे, नकलांचे अर्ज देणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारखांची डायरी सांभाळणे, ही त्याची रोजची कामे होत. मुंबईतील सॉलिसिटर फर्ममध्ये 'मॅनेजिंग क्लार्क' ही जागा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील (जेथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात) कामकाजाची त्यांची जाण अनेक तरुण वकिलांना शाळेसारखी उपयोगी पडते. या पदाला आता काही कार्यालये पॅरालीगल म्हणतात, काही लीगल असिस्टंट म्हणतात. काम मात्र तेच राहते.

दुसरे काम कंपन्यांच्या विधी विभागांत, बँकांत, बांधकाम व्यावसायिकांकडे आणि मोठ्या लॉ फर्ममध्ये असते. तेथे न्यायालयाची पायरी क्वचितच चढावी लागते. करारांचे मसुदे तपासणे, मुदत संपत आलेल्या करारांची नोंद ठेवणे, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीची व्यवस्था पाहणे, भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी करणे, तसेच मिळकतीचा शोध घेणे हा या कामाचा गाभा आहे. शोधाच्या कामात सातबारा, आठ अ, फेरफार, शहरी भागात मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) वाचता येणे आवश्यक असते. गावाकडील एखाद्या गटाचा तीस वर्षांचा शोध घेताना एका फेरफाराची नोंद दुसऱ्याशी जुळत नाही, एका वारसाचे नाव मध्येच गळून पडलेले असते आणि ते कोठे गळले हे शोधण्यात दोन दिवस जातात. ज्यांना असा माग काढण्यात गोडी वाटते, त्यांच्यासाठी हे काम मला सर्वांत समाधानाचे वाटते. मोडी लिपी शिकलेल्या माणसाला तर या क्षेत्रात वेगळाच मान मिळतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीतली जुनी दप्तरे वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सगळ्यांच्याच लक्षात आले.

तिसरे काम विधी स्वयंसेवकाचे, ज्यांना सगळीकडे पीएलव्ही (पॅरालीगल व्हॉलंटिअर) म्हणतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्या व्यवस्थेत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अशा स्वयंसेवकांची निवड करते, त्यांना प्रशिक्षण देते आणि ओळखपत्र देते. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, इतकेच नव्हे तर तुरुंगातील चांगल्या वर्तणुकीचे शिकलेले बंदीही यात येऊ शकतात. गरजू माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क समजावून सांगणे, त्याचा अर्ज भरून देणे, लोकअदालतीत मदत करणे आणि कारागृहातील विधी सेवा केंद्रात बंद्यांच्या प्रकरणांची माहिती गोळा करणे ही त्यांची कामे असतात. परंतु हे स्पष्टपणे लक्षात घ्यावे की ही नोकरी नाही. ज्या दिवशी काम दिले जाईल त्या दिवसाचे मानधन मिळते, मासिक पगार मिळत नाही, आणि योजनेची भूमिकाच सेवेची आहे. ओळखपत्र मिळाले म्हणजे सरकारी नोकरी लागली, असे समजून हातातली नोकरी सोडणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहीत आहे.

इंटरनेटवर या व्यवसायाविषयी जी माहिती मिळते, ती बहुतेक अमेरिकेची किंवा कॅनडाची असते. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात 2007 पासून पॅरालीगलना तेथील लॉ सोसायटीचा परवाना घ्यावा लागतो आणि ठरावीक प्रकारच्या प्रकरणांत त्यांना पक्षकाराच्या वतीने उभेही राहता येते. भारतात असा परवाना नाही आणि असा अधिकारही नाही. म्हणून परदेशातील लेख वाचून येथील आयुष्याची आखणी करू नये.

या तिन्हींपैकी तुमच्या मनात नेमके कोणते काम आहे, ते एका कागदावर एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर पुढील पायऱ्या पूर्ण होईपर्यंत कोणत्याही अभ्यासक्रमाचे शुल्क भरू नका.

दुसरी पायरी: कायद्याने आखलेली रेषा समजून घ्या

अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 29 आणि 33 प्रमाणे वकिली करण्याचा अधिकार केवळ सनदधारक (बार कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या) अधिवक्त्यांना आहे, आणि अधिकार नसताना वकिली केल्यास कलम 45 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तुम्ही मसुदा तयार कराल, पण सही वकिलाची असेल. तुम्ही पक्षकाराला पुढची तारीख सांगाल, पण खटला जिंकाल की हराल हे सांगणे तुमचे काम नाही. वाचताना ही रेषा सोपी वाटते. प्रत्यक्षात मात्र वकीलसाहेब दुसऱ्या न्यायालयात असतात, समोर रडवेली बाई बसलेली असते आणि ती विचारते, "भाऊ, मी आता सही करू का नको?" त्या क्षणी "ताई, साहेब आल्याशिवाय सही करू नका, मी त्यांना आत्ताच निरोप देतो," एवढेच बोलून थांबण्याचा संयम ज्याच्याकडे नाही, त्याने या कामात पडू नये.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलणे उघड न करण्याचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 प्रमाणे वकिलाच्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. छोट्या गावात हे बंधन पाळणे शहरापेक्षा कठीण जाते, कारण तेथे वादी तुमच्या मामाच्या गावचा असतो आणि प्रतिवादी तुमच्या वर्गातला असतो. घरी, पारावर, लग्नात कोणी विचारले तरी "मला त्यातले काही सांगता येणार नाही" असे म्हणण्याची तयारी हवी.

तिसरी गोष्ट दलालीची. पक्षकार आणून दिला तर फीमधला हिस्सा देतो, असे तुम्हाला कोणीतरी निश्चित सांगेल. 2023 च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात कलम 45-अ आले असून त्यानुसार दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याचे आणि अशा व्यक्तीला न्यायालयाच्या आवारातून वगळण्याचे अधिकार दिलेले आहेत. एकदा अशा यादीत नाव गेले की त्या न्यायालयातील तुमचे काम संपले, हे पहिल्याच दिवशी मनात पक्के करावे.

ज्यांनी एलएलबी केलेले आहे आणि जे तात्पुरते म्हणून कंपनीत पॅरालीगलची जागा घेऊ इच्छितात, त्यांनी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 कडे लक्ष द्यावे. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही आणि सनद घेतलेली असल्यास ती स्थगित ठेवावी लागते.

तिसरी पायरी: दहा दिवस न्यायालयात बसा

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. आपल्याकडील न्यायालये खुली आहेत. लैंगिक अत्याचाराची किंवा काही कौटुंबिक प्रकरणे बंद दालनात चालतात, ती वगळता कोणत्याही नागरिकाला मागच्या बाकावर शांतपणे बसून कामकाज पाहता येते. मोबाइल बंद ठेवा, जवळ एक छोटी वही ठेवा आणि सकाळी न्यायालय बसण्यापूर्वी पोहोचा.

पहिले दोन दिवस काहीच समजणार नाही. पुकारा होतो, दोन वाक्ये बोलली जातात, पुढची तारीख पडते आणि पक्षकार बाहेर जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र ओळ लागू लागते. हे प्रकरण समन्सवर आहे, यात कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) यायची आहे, त्यात मुद्दे निघाले आहेत, हे साक्षीवर आहे आणि ते युक्तिवादावर, असे टप्पे दिसू लागतात. दालनाबाहेर त्याहून अधिक शिकायला मिळते. नाझराच्या (न्यायालयाचे पैसे आणि समन्स बजावणीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) टेबलासमोर कोण उभे आहे, नकला विभागात कोणत्या वेळी गर्दी कमी असते, बोर्डावर आपले प्रकरण कितव्या क्रमांकावर आहे हे पाहून वकिलाला वेळेवर निरोप कोण देते, हे सगळे पाहा. त्या गर्दीत हातात जाड डायरी घेऊन तीन दालनांमध्ये ये-जा करणारी, सर्वांशी नम्रपणे बोलणारी, पण कोणत्याही दालनात फार वेळ न थांबणारी काही माणसे तुम्हाला दिसतील. तुम्ही जे होऊ पाहता ते तेच आहेत. त्यांच्या पायांकडे पाहा, चेहऱ्याकडे पाहा आणि संध्याकाळी पाच वाजता पुन्हा एकदा पाहा.

घरी आल्यावर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाच प्रकरणे निवडा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की तारखा, टप्पे आणि हुकूम पाहता येतात. त्या पाच प्रकरणांची तारीखवार टाचणे स्वतःच्या हाताने तयार करा: दावा कधी दाखल झाला, समन्स कधी बजावले गेले, कैफियत कधी आली, तारखा का पुढे गेल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कैफियत देण्यासाठी समन्स मिळाल्यापासून तीस दिवस असतात आणि न्यायालय ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. तुमच्या पाच प्रकरणांत प्रत्यक्षात किती दिवस लागले ते मोजा. हे करताना कंटाळा आला तर तो प्रामाणिकपणे लिहून ठेवा, कारण या व्यवसायातील बराचसा दिवस याच प्रकारच्या कामाचा असतो.

दहा दिवसांपैकी एक दिवस तुमच्या जिल्ह्यातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयासाठी ठेवा. ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे येणाऱ्या माणसांचे बोलणे ऐका. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही, हे आजही अनेकांना ठाऊक नसते आणि केवळ तेवढे सांगितल्याने एखाद्याचा चेहरा कसा उजळतो हे तेथे दिसते. ज्याला ते पाहून काही वाटते, त्याने विधी स्वयंसेवकाच्या निवडीसाठी तेथेच चौकशी करावी आणि 15100 हा राष्ट्रीय मदतक्रमांक पाठ करून ठेवावा.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथील वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे सुरू झाले आहे. पूर्वी या जिल्ह्यांतील अपिले आणि रिट अर्ज मुंबईला जात असत. आता ते काम कोल्हापुरात चालत असल्याने उच्च न्यायालयाच्या पद्धतीने फायलिंग करू शकणाऱ्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही कागद हाताळणाऱ्या सहाय्यकांची तेथे गरज आहे. या भागातील मुलांनी दहापैकी दोन दिवस तेथे जाऊन पाहावेत.

चौथी पायरी: स्वतःची परीक्षा घ्या

या कामाला असामान्य बुद्धी लागत नाही, पण काही गुण मात्र असावेच लागतात, आणि ते आहेत की नाहीत हे घरच्या घरी तपासता येते.

पहिली परीक्षा तारखांची आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खालील, म्हणजे न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणाचे उदाहरण घ्या. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फिर्यादीचे कारण घडते. आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. येथे तीस दिवस आणि एक महिना हे दोन वेगळे हिशेब आहेत. समजा माहिती 31 जानेवारीला मिळाली, नोटीस 20 फेब्रुवारीला पोहोचली. तर फिर्याद दाखल करण्याची शेवटची तारीख कोणती, हे कॅलेंडर समोर ठेवून काढा, दुसऱ्या दिवशी आधीचे उत्तर न पाहता पुन्हा काढा आणि मग दोन्ही उत्तरे एखाद्या वकिलाला दाखवा. दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर चांगले लक्षण आहे. घाईने चूक झाली तरी निराश होऊ नका, पण दुसऱ्यांदा तपासण्याची सवय तुमच्यात आहे का हे मात्र नीट पाहा.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. कामाच्या पहिल्याच वर्षी मी डायरीत 12 ऐवजी 21 ही तारीख लिहिली. त्या दिवशी आमच्या बाजूने कोणीच हजर नव्हते आणि एका शेतकऱ्याचा वाटपाचा दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. सुदैवाने ते लवकर लक्षात आले, तीस दिवसांच्या मुदतीत अर्ज देता आला आणि दावा पुन्हा बोर्डावर आला. खर्च वकीलसाहेबांनी स्वतः भरला आणि मला एक शब्दही बोलले नाहीत, परंतु त्या वृद्ध गृहस्थांना त्यासाठी दोन वेळा पहाटेची एसटी पकडून यावे लागले, हे मी आजही विसरलेलो नाही. त्यानंतर मी प्रत्येक तारीख डायरीत लिहिल्यावर संध्याकाळी ई-कोर्ट्सवरील नोंदीशी ताडून पाहू लागलो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

दुसरी परीक्षा भाषेची आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असली तरी तेथे दोन्ही भाषांत कागद येतात, आणि उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. घरातले एखादे जुने खरेदीखत घ्या आणि त्याचा एका पानाचा गोषवारा लिहा: लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, मोबदला, ताबा. चतुःसीमा लिहिताना पूर्व-पश्चिमेची एक जरी अदलाबदल झाली तरी पुढच्या पिढीत त्यावरून दावा उभा राहू शकतो. त्याच गोषवाऱ्याचे इंग्रजी करून पाहा. मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र मिळवून ठेवणेही उपयोगाचे ठरते. जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकाच्या भरतीत त्याची अट असते आणि पॅरालीगलच्या वाटेने निघालेल्या काही जणांना अखेर तीच स्थिर नोकरी अधिक योग्य वाटते.

तिसरी परीक्षा माणसांची आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. एका महिन्यात निदान पाच अपरिचितांना एखादा सरकारी अर्ज भरायला मदत करा. पंचायतीत, तहसील कार्यालयाबाहेर, कोठेही. त्यांचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकता आले का, आपल्या मनाचे काही न घालता लिहिता आले का, लिहिलेले पुन्हा वाचून दाखवले का, हे पाहा. ज्याला आपले शहाणपण सांगितल्यावाचून राहवत नाही, त्याने पुढे जाण्यापूर्वी पुन्हा एकदा विचार करावा.

पाचवी पायरी: शिक्षण किती आणि कोणते

पॅरालीगल म्हणून काम करण्यासाठी भारतात कोणतीही पदविका कायद्याने बंधनकारक नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिस या विषयातील पदविका बारावीनंतर करता येते आणि कामाच्या मांडणीची ओळख होण्यासाठी ती उपयोगी आहे. परंतु ती केल्याने कोणताही परवाना मिळत नाही. 'पॅरालीगल प्रमाणपत्र, नोकरीची हमी' अशी जाहिरात करून मोठे शुल्क मागणाऱ्या संस्थांच्या बाबतीत एकच चौकशी करावी: याआधी येथे शिकलेल्या तीन जणांशी आम्हाला बोलता येईल का? उत्तर टाळले गेले तर तेथे पैसे भरू नयेत.

खरा प्रश्न एलएलबीचा असतो. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे दोन मार्ग आहेत, महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते, आणि सनद मिळाल्यावर वकिली चालू ठेवण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. कायद्याचा अभ्यासक्रम नियमित उपस्थितीचा आहे आणि पत्राद्वारे घेतलेली पदवी सनदेसाठी चालत नाही, त्यामुळे 'दिवसभर नोकरी करून एलएलबी करू' हे नियोजन कागदावर जितके सोपे वाटते तितके नसते. सकाळच्या सत्रातील महाविद्यालय आणि दुपारनंतर कार्यालय अशी सांगड काही जण घालतात. ती शक्य आहे का, हे महाविद्यालय आणि वकील दोघांनाही आधीच स्पष्ट विचारावे.

माझे मत असे आहे की ज्याला न्यायालयात उभे राहून बोलायची ओढ आहे, त्याने पॅरालीगलच्या वाटेने वळसा घेऊ नये. सरळ सीईटीची तयारी करावी. दहा दिवस मागच्या बाकावर बसताना ज्याचे लक्ष सतत युक्तिवाद करणाऱ्या वकिलाकडे होते आणि ज्याच्या मनात "मी असतो तर असे म्हणालो असतो" हे येत राहिले, तो कारकुनाच्या टेबलावर फार काळ समाधानी राहणार नाही. याउलट ज्याचे लक्ष फाइलकडे होते, कोणता कागद कोणत्या निशाणीला (कागदाला दिलेल्या क्रमांकाला) आहे हे ज्याला वकिलाआधी सापडले, त्याने वकील न होता हे काम निवडले तर त्यात काहीही कमीपणा नाही. आपल्याकडे 'नुसता कारकून' असे म्हणण्याची पद्धत आहे. ती मला कधीच मान्य झाली नाही.

सहावी पायरी: पैशाचा हिशेब आधी करा

या क्षेत्रात वेतनाचे एकच प्रमाण नाही. तालुक्याच्या ठिकाणचे एकट्या वकिलाचे कार्यालय आणि मुंबईतील मोठी फर्म यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून कोणीतरी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. ज्या न्यायालयात काम करायचे आहे तेथील तीन वेगवेगळ्या कारकुनांना पहिल्या वर्षी काय मिळाले आणि पाचव्या वर्षी काय मिळते, हे विचारा. त्यांतून रोजचा प्रवास आणि दुपारचे जेवण वजा करा. उन्हाळी सुटीत पगार चालू राहतो का, झेरॉक्स आणि टपालाचा खर्च आधी कोणाच्या खिशातून होतो, याची चौकशी करा. वीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे लागू होत नाही, त्यामुळे लहान कार्यालयात म्हातारपणाची तजवीज तुम्हालाच करावी लागेल. काही अनुभवी कारकून दोन-तीन वकिलांचे काम एकत्र पाहून उत्पन्न वाढवतात, परंतु ते पाचव्या-सातव्या वर्षानंतर शक्य होते.

"पगार थोडा आहे, बाकीचे पक्षकाराकडून मिळते" असे सांगणारे कार्यालय स्वीकारू नका. आज पक्षकार खुशीने देईल, उद्या तुम्ही त्याची वाट पाहू लागाल आणि परवा ज्याने दिले नाही त्याची फाइल खाली राहील. हे नकळत घडते, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी नाही म्हणणे सोपे असते.

मुलींसाठी एक गोष्ट विशेष सांगतो. बहुतेक वकिलांची कार्यालये दहापेक्षा कमी माणसांची असतात, त्यामुळे तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नसते. मात्र 2013 च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कामाची वेळ, संध्याकाळी उशिरा थांबावे लागते का आणि कार्यालयात आणखी कोण असते, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात काहीही वावगे नाही. या प्रश्नांवर नाराज होणारे कार्यालय सोडून द्यावे.

सातवी पायरी: सहा महिने करून पाहा

येथपर्यंत आल्यावरही मन या कामाकडे असेल तर एका कार्यालयात सहा महिन्यांसाठी जा. निवडताना मोठ्या नावापेक्षा दोन गोष्टी पाहा: वकील स्वतः फाइल वाचतात का, आणि जुना कारकून तेथे किती वर्षांपासून आहे. ज्या कार्यालयात माणसे वर्षानुवर्षे टिकतात तेथे शिकायला मिळते. पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा की मी सहा महिने शिकण्यासाठी येत आहे, त्यानंतर आपण दोघेही ठरवू.

त्या काळात दर शनिवारी तीन ओळी लिहा: या आठवड्यात कोणते नवे काम शिकलो, कोणती चूक झाली आणि ती कोणी पकडली, कोणत्या कामाची सोमवारी वाट पाहावीशी वाटते. चुका हळूहळू तुमच्या स्वतःच्याच हाती सापडू लागल्या, वकील एखादा मसुदा आधी तुमच्याकडे पाठवू लागले, कोपऱ्यातल्या न्यायालयातला शिरस्तेदार तुम्हाला नावाने ओळखू लागला, तर काम बसू लागले आहे असे समजा. सहाव्या महिन्यातही तुमच्याकडून केवळ झेरॉक्स आणि चहा आणवला जात असेल तर दोष तुमचाच आहे असे मानू नका. एकदा मोकळेपणाने बोला आणि बदल झाला नाही तर दुसरे कार्यालय पाहा, मगच व्यवसायाविषयी निर्णय घ्या. आणि तिसरी ओळ आठवड्यामागून आठवडे कोरी राहिली असेल, तर सीईटी, न्यायालयीन लिपिकाची भरती किंवा अगदी वेगळे क्षेत्र, यांपैकी काहीही निवडताना हे सहा महिने वाया गेले असे समजू नका.

सोडायचे ठरले तर निदान पंधरा दिवस आधी सांगा. पुढील दोन महिन्यांच्या सर्व तारखांची यादी, ज्या नकलांचे अर्ज दिलेले आहेत पण नकला आलेल्या नाहीत त्यांची यादी, पक्षकारांची मूळ कागदपत्रे कोणत्या कपाटात आहेत त्याची नोंद आणि ई-फायलिंगच्या प्रलंबित आक्षेपांची यादी तयार करून, प्रत्येक यादीवर तारीख घालून, तुमच्या जागी येणाऱ्याच्या हाती द्या आणि त्याच्यासोबत एक पूर्ण दिवस न्यायालयात फिरून प्रत्येक दालनातील आपली प्रकरणे त्याला दाखवून द्या.